पीटीएसडी कोच: त्या घडीला कामाचं, पण उपचार वेगळा

मोठा अपघात, अत्याचार, पूर किंवा आग यांतून वाचलेल्या माणसासमोर कित्येक महिन्यांनीही तो प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. जरा आवाज झाला की दचकायला होतं, रात्री डोळा लागत नाही. आघातानंतर टिकून राहणाऱ्या या त्रासाला पीटीएसडी म्हणतात. त्या घडीला काय करायचं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ‘पीटीएसडी कोच’ हे ॲप देतं, आणि ते चांगलं देतं. आघातावरचा उपचार मात्र त्यात शोधू नये.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातल्या राष्ट्रीय पीटीएसडी केंद्राने तिथल्या संरक्षण खात्याबरोबर हे ॲप २०११ साली काढलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. बनलं सैनिकांसाठी, पण त्यातलं बहुतेक सगळं कोणत्याही आघाताला लागू पडतं. आजाराची माहिती, लक्षणांची नोंद, लक्षणं आवरण्याची साधनं आणि मदत असे त्याचे चार भाग आहेत.

जीव आहे तो साधनांच्या भागात. आठवण उफाळून आलीय, राग येतोय, झोप नाही, माणसांपासून तुटल्यासारखं वाटतंय, यातलं काय होतंय ते आधी निवडायचं. मग त्रास ० ते १० मध्ये किती, ते सांगायचं. ॲप एक साधन पुढे करतं आणि ते झालं की पुन्हा आकडा विचारतं. हा दुसरा आकडा टाळू नका. आपल्याला नेमकं काय उपयोगी पडतं, हे त्यावरूनच कळतं. त्रास ९ वर असताना कोणतंही साधन पहिल्यांदा करून बघायला घेतलं तर ते फसतं. ३-४ वर असताना रोज थोडा सराव केला, तरच वेळेला ते आठवतं.

श्वासाच्या साधनात सगळ्यात जास्त गडबड होते. ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की लोक छाती भरून मोठमोठे श्वास घेतात. शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणं उलट वाढतं. श्वास नाकाने आणि नेहमीएवढाच घ्यायचा, सोडायचा मात्र सावकाश: साधारण ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. स्नायू आवळून सैल सोडण्याचं साधन झोपेआधी उत्तम. पण लैंगिक अत्याचार सोसलेल्या काहींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिलं की तीच आठवण येते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवावेत आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत.

‘आरआयडी’ हे साधन आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. आधी थोडं शांत व्हायचं, मग आत्ता कशामुळे आठवण चाळवली ते ओळखायचं, मग पुढे काय करायचं ते ठरवायचं. यातली मधली पायरी महत्त्वाची. ‘रॉकेलचा वास तेव्हाही होता, आज शेजारी स्टोव्ह पेटवतायत, आज दार उघडं आहे, मी मोठी आहे, घरात माणसं आहेत.’ तेव्हा आणि आत्ता यांतला फरक असा तपशिलाने लिहिला, तर मेंदू धोक्याची घंटा हळूहळू थांबवायला शिकतो. आणि तो आपल्याच भाषेत लिहावा. ॲप इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही, ही आपल्याकडची मोठी उणीव. श्वासाच्या सूचना विश्वासातल्या माणसाकडून मराठीत रेकॉर्ड करून घेणं हा त्यावर साधा तोडगा.

नोंदीच्या भागात ‘पीसीएल-५’ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली आहे. २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी; फक्त आकड्यावरून निदान होत नाही. दोन-तीन गुणांच्या चढउताराला अर्थ नाही. आणखी एक मेख आहे. २० पैकी टाळाटाळीबद्दलचे प्रश्न दोनच. ज्या रस्त्यावर अपघात झाला तो रस्ता सोडला, बसने जाणं बंद केलं, की दचकणं आणि आठवणी कमी होतात, बेरीज खाली येते आणि माणूस बरा झाल्यासारखा दिसतो. म्हणून ते दोन प्रश्न वेगळे पाहावेत.

संशोधन काय म्हणतं? १२० जणांवरच्या २०१७ च्या चाचणीत तीन महिने ॲप वापरणाऱ्यांची लक्षणं ॲपशिवाय नुसतं थांबलेल्या गटापेक्षा जास्त उतरली. पण शेवटचे सरासरी गुण शेजारी ठेवले, तर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. फुकट साधनासाठी हे वाईट नाही, पण उपचाराची जागा घेण्याएवढंही नाही.

मदतीच्या भागातले तातडीचे फोन नंबर अमेरिकेतले आहेत, ते इथे निरुपयोगी. ॲप उतरवलं की त्याच दिवशी त्यात आपल्या माणसांचे नंबर घाला आणि फोनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ साठवा. तो चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर ॲप बाजूला ठेवून आधी तिथे फोन करा. घरात मारहाण अजून चालू असेल, तर तिथली भीती म्हणजे लक्षण नव्हे, खरा धोका आहे. तिथे श्वास मोजण्याआधी सुरक्षित जागा हवी.

त्रास महिनाभरानंतरही टिकला तर थेरपिस्ट गाठावा आणि थेट विचारावं: प्रोलाँग्ड एक्स्पोजर (आठवणीला सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सामोरं जाणं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघाताबद्दलचे अडकलेले विचार तपासणं) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणं) या आघातावरच्या उपचारांपैकी कशाचं प्रशिक्षण घेतलंय? पहिलीला साधारण ८ ते १५ बैठका लागतात, दुसरीला १२ च्या आसपास. प्रोलाँग्ड एक्स्पोजर सुरू असेल तर त्याच केंद्राशी जोडलेलं ‘पीई कोच’ हे वेगळं ॲप घ्या. बैठक त्यात रेकॉर्ड करून घरी ऐकता येते. ते ऐकताना पीटीएसडी कोचमधलं श्वासाचं साधन मात्र वापरू नका. नाहीतर आठवण सोसली ती श्वासामुळे, असंच मन धरून बसतं. आठवण मुळात सोसण्याजोगी आहे हे त्याला उमगत नाही.