लोरा रेडिओ मोडेम (आरएस४८५ वाला), अख्खा सीझन वापरल्यावर

नदीवरच्या जॅकवेलपासून (पंपाची विहीर) माळावरच्या टाकीपर्यंत साधारण तीन किमी. आधी सिमकार्डवाला स्टार्टर होता, रेंज गेली की टाकी भरून वाहायची आणि रिचार्ज चालूच. म्हणून एक वॅटची लोरा (कमी स्पीडचा पण लांब पल्ल्याचा रेडिओ) मोडेमची जोडी घेतली, टाकीवर लेव्हल सेन्सर, खाली पीएलसी (पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर), मधे मॉडबस, म्हणजे पीएलसीने विचारायचं आणि सेन्सरने उत्तर द्यायचं अशी ठरलेली भाषा. मोडेमला हे दोन्ही आरएस४८५ या सिरीयल वायरने जोडलेत. पावसाळ्याआधी बसवली, आता ऊसतोड चालू झालीये. एकंदर खूश आहे, पण बॉक्समधून काढली, लावली आणि चालली असलं काही नाही बरं का.

आधी चॅनेल बघा. मोडेम फॅक्टरीतून चॅनेल १८ वर येतो, म्हणजे ८५०.१२५ अधिक १८, ८६८.१२५ मेगाहर्ट्झ. आपल्याकडे बिनलायसनचा पट्टा ८६५ ते ८६८, तोही २०२१ नंतर, आधी ८६७ पर्यंतच होता. मी १६ वर आणलाय. नेट आयडी (जोडीचा ओळख नंबर) आणि की (डेटा लपवायचा पासवर्ड) पण बदलून टाका, नाहीतर शेजारच्याने हाच मोडेम तसाच लावला तर त्याचा डेटा तुमच्याकडे.

एअर रेट, म्हणजे हवेतून डेटा जायचा स्पीड, २.४ के (केबीपीएस) च राहू द्या. ६२.५ के बघून भुरळ पडते पण आपल्याला पाठवायचे बाइट किती, मॉडबसची क्वेरी आठ बाइटची, स्पीड वाढवला की रेंज घटते एवढंच होतं. एअर रेट दोन्हीकडे सेम पाहिजे, सिरीयलचा बॉड रेट (वायरवरचा स्पीड) वेगळा असला तरी चालतं.

खरी डोकेदुखी टाइमआउटची, म्हणजे पीएलसी उत्तराची किती वेळ वाट बघतो त्याची. पीएलसीत ३०० मिलिसेकंद होता, तेवढ्यात हवेतून जाऊन उत्तर येतच नाही, दोन सेकंद केल्यावर एरर बंद. एलबीटी (बोलण्याआधी ऐकायची सोय) चालू असेल तर मोडेम हवा मोकळी व्हायची वाट बघत दोन सेकंदापर्यंत थांबतो आणि मागच्या क्वेरीचं उत्तर पुढच्याला चिकटतं, मी बंदच ठेवलंय. आरएसएसआय (सिग्नल किती जोरात येतोय त्याचा आकडा) बाइटचंही तसंच, तो चालू केला की डेटाच्या शेवटी एक जादा बाइट येतो आणि पीएलसी अख्खी फ्रेम फेकून देतो. लॅपटॉप लावून सिग्नल बघताना तेवढा चालू करायचा. आकडा १६० आला तर २५६ मधून वजा करा, म्हणजे उणे ९६ डीबीएम.

सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि मॅन्युअलचं इंग्रजी वाचून हसायला येतं, पण डिप स्विच (मोडेमवरची छोटी बटणं) कॉन्फिग मोडला, म्हणजे सेटिंग बदलायच्या मोडला, टाकला की बाकी सोपंय.

ऊस डोक्याच्या वर गेला की सिग्नल पडतो, अँटेना त्याच्या वर गेलाच पाहिजे. आणि पॉवर वाढवत बसण्यापेक्षा केबल बघा, साध्या आरजी५८ अँटेना केबलमधे या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्धा डीबी जातो, दहा मीटर टाकली तर एक वॅटातला दोन तृतीयांश केबलमधेच संपला. त्यापेक्षा मोडेमच वॉटरप्रूफ डब्यात घालून पाइपला वर बांधा आणि आरएस४८५ ची वायर खाली आणा, ती शेकडो मीटर आरामात जाते. अँटेना न लावता सप्लाय मात्र देऊ नका, आउटपुट स्टेज उडते.