घरगुती कार्व्हिंग मशीन: हँडल खोलून पुन्हा बसवल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. लाकडाची फळी कोरणारी ही मशीन चांगली आहे, हँडलची जोडणी कच्ची आहे, आणि ती घरच्या घरी पक्की करता येते. न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजमध्ये ही मशीन गेल्या हिवाळ्यापासून आहे. सेकंडहँड घेतली. हँडलची दुरुस्ती घेतल्यावर लगेचच करावी लागली, आणि त्यानंतरचे सगळे महिने ती भरपूर चालवली आहे.

ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फळी एका बाजूने आत जाते, रोलर तिला पुढे-मागे सरकवतात आणि वरच्या हेडमधलं बिट (कोरणारं पातं) आडवं सरकत कोरत जातं. हेड खाली आणायला मोटर नाही, बाजूचं हँडल हाताने फिरवायचं. चार कोपऱ्यांतल्या स्क्रूंवरून हेड उतरतं आणि फळीला रोलरवर दाबून धरतं. पुरेसा दाब आला की आतला क्लच (हँडलचा जोर पुढे पोचवणारी जोडणी) कट-कट करून सुटतो. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत हा दाब सुमारे 80 पौंड, म्हणजे साधारण 36 किलो दिला आहे. म्हणजे हँडलचं काम नुसतं हेड वर-खाली करण्याचं नाही. फळी कोरताना जागेवर राहणार की घसरणार, हे तिथेच ठरतं.

मी बहुतेक दारावरच्या पाट्या करतो, मराठीत. त्यामुळे एक फायदा झाला, बिघाड अक्षरांतच वाचता येतो. नाव फळीच्या लांबीला धरून कोरलेलं असतं. फळी लांबीत घसरली तर काना तुटतो, सरळ दांडीला मध्येच पायरी येते. फळी तिरकी व्हायला लागली तर शिरोरेखा वाकते. माझ्या पाट्यांवर काना तुटत होता आणि शिरोरेखा सरळ होती. त्यामुळे हेड तिरकं नसावं, दाबच कमी पडत असावा, असा अंदाज केला.

दाब मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो, पण काट्याचा, डिजिटल नको. हळूहळू वाढणाऱ्या वजनाला डिजिटल काटे गोंधळतात किंवा मध्येच बंद पडतात. काट्यावर लाकडाचा सपाट तुकडा ठेवला आणि हेड उतरवलं. पन्नास पौंडांच्या आसपास हँडल मोकळं फिरायला लागलं, आणि क्लचचा आवाज मात्र नाही. मग मार्करने हँडलच्या बोंडापासून (दांड्यावर बसणारा गोल भाग) शाफ्टवर, म्हणजे त्या दांड्यावर, एक सरळ रेघ ओढली आणि पुन्हा फिरवलं. दाब वाढताच रेघेचे दोन तुकडे झाले. बोंडावरचा पुढे गेला, शाफ्टवरचा तिथेच थांबला. क्लचपर्यंत जोर पोचतच नव्हता.

खोलण्याआधी प्लग काढा. हेडखाली दोन्ही बाजूंना एकाच टू-बाय-फोर लाकडी पट्टीतून कापलेले ठोकळे द्या. (दुकानात टू-बाय-फोर म्हणून मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच असतं, पण इथे माप नाही, दोन्ही ठोकळे सारखे असणं महत्त्वाचं.) प्रत्येक थराचा फोनवर फोटो काढा, विशेषतः वॉशरच्या क्रमाचा. सुटे भाग मी जुन्या इडलीपात्राच्या ताटल्यांत ठेवले, एका खळग्यात एका थराचे, बाहेरून आत. अ‍ॅलन की इंचातल्या आणि मिलिमीटरमधल्या दोन्ही हाताशी असू द्या. जवळजवळ बसणारी की घातली तर ग्रब स्क्रूची (हँडल शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) षटकोनी खाच गोल होते आणि मग ड्रिलशिवाय सुटका नाही.

हँडल बाहेर येईना, कारण ग्रब स्क्रूच्या टोकाने शाफ्टच्या सपाट बाजूवर चर पाडला होता आणि चराच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहिली होती. ओढून काढलं तर ती कोर बोंडाला आतून खरवडते. स्क्रू पूर्ण काढला आणि त्याच्या भोकातून थोडं तेल सोडलं. मग हँडल डावी-उजवीकडे हलवत काढलं आणि कोर बारीक कानशीने घासून टाकली. आत काळपट पूड निघाली, ॲल्युमिनियम, ग्रीस आणि एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्याचा) भुसा यांचा लगदा.

बसवताना नवा ग्रब स्क्रू घेतला, टोक बरोबर सपाट बाजूवर येईल असं हँडल धरलं आणि आट्यांवर निळं लॉकटाइट 243 (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावलं. लाल 271 लावू नका, ते सोडवायला गॅसच्या टॉर्चने तापवावं लागतं आणि शेजारी प्लास्टिकचं कव्हर आहे. निळंसुद्धा प्लास्टिकवर सांडू देऊ नये, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. रात्रभर तसंच ठेवलं. उभ्या स्क्रूंचे आटे ब्रशने साफ केले आणि ग्रीसऐवजी कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारला. ग्रीसवर भुसा चिकटतो आणि आटे जड होतात. आटे जड झाले की क्लच वेळेआधीच सुटतो, म्हणजे पुन्हा दाब कमी. बाहेरून हा बिघाड हँडलचाच वाटतो, म्हणून आटे साफ केल्याशिवाय क्लचच्या स्प्रिंगला हात लावू नये.

पुन्हा वजनकाटा ठेवला. आता ऐंशीच्या जवळ कट-कट ऐकू आली, आणि रेघ अखंड होती.

त्यानंतर बासवुड, अक्रोड आणि शेवटी हार्ड मेपल, सगळं झालं. बासवुड मऊ, यांका कठीणता (लाकूड किती टणक ते सांगणारा आकडा) 410, त्यात काहीही सरळ निघतं. मेपलची 1450. बिटचा जोर तिथे फळीला खरोखर ढकलतो, आणि तिथेही काने सरळ आले, तेव्हा मला समाधान वाटलं. वाकलेली फळी मात्र कितीही दाबली तरी डुलते. रंधा मारून सपाट केल्याशिवाय आत घालायचीच नाही.

तक्रारी आहेतच. आवाज प्रचंड, कानांवर मफ लागतात. एमडीएफ असेल तर मास्क हवाच. आणि इतका जोर घेणारं हँडल एकाच ग्रब स्क्रूच्या भरवशावर सोडणं हा सरळसरळ कंजूषपणा आहे, आरपार पिन दिली असती तर काय बिघडलं असतं? तरीही उघड्या फ्रेमच्या छोट्या सीएनसीपेक्षा (संगणकावर चालणारं कोरीव यंत्र) माझं मत हिलाच. टेबलापेक्षा लांब फळी तिथे पुन्हा-पुन्हा उचलून लावावी लागते, इथे ती आरपार जाते.

वापरलेली घ्यायला जात असाल तर मार्कर आणि वजनकाटा सोबत न्या. विकणारे दादा म्हणतील, "थोडं सटकतं, सगळ्यांचंच तसं असतं." रेघ ओढून त्यांच्यासमोरच फिरवून दाखवा आणि मग किमतीचं बोला.