लॅपटॉपचा स्क्रीन: घरी बदलायचा की गोलाणीत न्यायचा?

चार्जरच्या वायरीत पोराचा पाय अडकला आणि लॅपटॉप खाटेवरून थेट फरशीवर. उघडून बघतो तर अर्ध्या पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग. शेजारच्या मावशींनी डोकावून विचारलं, "पडदा फुटना का भाऊ?"

फुटलाच होता. तरी खात्री म्हणून एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला. चित्र स्वच्छ आलं, म्हणजे बिघाड स्क्रीनचाच. टीव्हीवरही काही दिसलं नसतं, तर घरी खोलाखोली करण्यात अर्थ नव्हता.

अमळनेरात बसून दोन वाटा होत्या: पॅनल, म्हणजे नुसता पडद्याचा भाग, ऑनलाइन मागवून स्वतः बसवायचं, नाहीतर जळगावला गोलाणी मार्केटातल्या दुरुस्तीच्या दुकानात न्यायचं. लोक पैशांची तुलना करतात. पण घरी करून मजुरी वाचते तेवढीच, खर्चाचा मोठा वाटा पॅनलचाच असतो. खरा प्रश्न वेगळाच: चुकीचं पॅनल आलं तर भोगायचं कोणी?

मी लॅपटॉपचं मॉडेल बघून पॅनल मागवलं. आलं ४० पिनच्या (जोडाच्या टोकांच्या) कनेक्टरचं, माझी केबल ३० पिनची. परत पाठवून दुसरं यायला आठवडा गेला. त्याच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळी पॅनलं टाकते, म्हणून जुनं पॅनल काढून मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचायचा. पिना, रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके) १३६६ × ७६८ की १९२० × १०८०, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, सगळं जुळलं पाहिजे. दुकानदार मात्र एक लागलं नाही तर ड्रॉवरमधून दुसरं काढतो. मजुरी देतो ती याचीच.

कामात अवघड असं फार नाही, पण एक चूक महागात पडते. लॅपटॉप बंद करून चार्जर काढला म्हणजे झालं, असं नाही. खालचं कव्हर उघडून बॅटरीचा कनेक्टरही सोडवायचा. नाहीतर स्क्रीनची केबल काढता-घालताना मदरबोर्डावरचा बॅकलाइटचा (पडद्यामागच्या उजेडाचा) फ्यूज उडू शकतो, मग नवं पॅनलही अंधारातच.

पडद्याभोवतीच्या चौकटीच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवत क्लिपा सोडवायच्या. बिजागरीजवळच्या हट्टी असतात. स्क्रू काढून पॅनल कीबोर्डवर पालथं निजवायचं, केबलवरची चिकटपट्टी सोलायची, कनेक्टरवर पत्र्याची कडी असेल तर ती उचलायची आणि केबल सरळ मागं ओढायची, वर नाही. नवं पॅनल जोडलं की चौकट लावायच्या आधी एकदा चालू करून बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत स्क्रू नसतात, पॅनल दोन्ही कडांना ताणपट्टीनं, म्हणजे ओढून काढायच्या चिकटपट्टीनं, चिकटवलेलं असतं. ती पट्टी तुटली की पंचाईत!

टचस्क्रीनची काच पॅनलला चिकटलेली असेल, किंवा मॅकबुक असेल, तर घरी हातच लावू नका. मॅकबुकचं तर बहुतेक वेळा अख्खं झाकणच बदलतात. वॉरंटीत फूटतूट सहसा येत नाही, पण अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घेतलं असेल तर आधी तिकडे विचारा.

दुकानात द्यायचं ठरलं तर समोर उघडायला लावा. पॅनल नवं की दुसऱ्या लॅपटॉपातून काढलेलं, ते बिलावर लिहून घ्या आणि पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या पडद्यावर ठिपके तपासा. मागं एकदा 'संध्याकाळी या' ऐकून मी निघून गेलो होतो. घरी आल्यावर बिजागरीचे दोन स्क्रू गायब.

माझा जुना लॅपटॉप शेवटी मी घरीच केला, दीड तासात. बायकोचा टचस्क्रीनवाला मात्र सकाळच्या गाडीनं गोलाणीत नेला आणि काम होईपर्यंत काउंटरवरून हललो नाही.