विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं पहिलं किट कुठलं, स्पिटफायर की हरिकेन? आणि 72 की 48?

विश्रामबागेतल्या मित्राचा काल फोन, पोराला घेऊन दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर विमानाचं मॉडेल बनवायचंय, स्पिटफायर आणि हरिकेन या दोन ब्रिटिश विमानांतलं कुठलं घेऊ? त्याला जे सांगितलं तेच इथं टाकतोय.

आधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानापेक्षा किती पट लहान. 1/72 म्हणजे 6 फुटाला एक इंच, 1/48 म्हणजे 4 फुटाला. स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 36 फूट 10 इंच, म्हणजे 72 मध्ये साधारण साडेपंधरा सेंटीमीटर, टीव्हीच्या शोकेसमध्ये कुठंही मावतंय, 48 मध्ये 23 च्या वर जातंय आणि पैसेही जास्त. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर मोठंच घे, पार्ट हातात नीट बसतात. पण 72 मध्ये एकदा कॅनोपी (पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक काच) चिकटवली की आतल्या सीटला कुठला रंग मारलाय ते कुणाच्या बापाला दिसत नाही, 48 मध्ये चूक बरोब्बर दिसतीय.

आता विमान. हरिकेनचे चाकांचे पाय जाड आणि एकमेकांपासून लांब, पटकन उभं राहतंय. स्पिटफायरचे जवळजवळ आणि वर बाहेर फाकलेले, गोंद सुकेपर्यंत एक जरी कललं की झालं, माझं पहिलं अजून लंगडंच आहे.

पण हरिकेनची खरी मेख पाठीवर. खऱ्या विमानात मागचं अंग कापडानं मढवलेलं, आतल्या पट्ट्यांचे उंचवटे वर दिसतात, आणि किटचे दोन अर्धे नेमके तिथंच जुळतात, पुट्टी भरून घासायला गेलं की उंचवटे सपाट. मी दोन संध्याकाळी घासत बसलो, शेवटी पाठ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. स्पिटफायरला पत्रा, बिनधास्त घास.

कॅनोपीला सुपरग्लू अजिबात नको, वाफेनं काच पांढरी पडतीय, साधा फेविकॉल लाव. आणि आपल्याकडं जुलैच्या दमटात लॅकर स्प्रे (थिनरवाला रंग) मारू नको, दुधाळ होतंय.

आणखी एक गोष्ट मात्र हरिकेनच्या बाजूनं, 1944 ला इम्फाळला अर्जन सिंग आपल्या हवाई दलाच्या 1 नंबर स्क्वाड्रनची हरिकेनच घेऊन लढले. त्या आघाडीच्या विमानांवरच्या गोल ओळखखुणेतला लाल रंगच काढला होता, जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून. पण डब्यात बऱ्याचदा 1940 च्या ब्रिटनमधली, लाल रंगासकटची डिकल्स (विमानावर चिकटवायच्या खुणा) निघतात, हे आधी बघून घे.

मित्राला म्हटलं 72 चं स्पिटफायर घे. तर म्हणतोय पोराला हरिकेनच पाहिजे. मग घे बाबा, फक्त पाठ घासायला पोराकडं देऊ नको.