नेदरलँड ड्वार्फ की हॉलंड लॉप?

सशांच्या या दोन्ही जाती नेदरलँड्समधल्या, दोन्ही बुटक्या. ड्वार्फ जेमतेम किलोभराचा, कान आखूड आणि ताठ. लॉप पावणेदोन किलोपर्यंत जातो. अंगाने भरीव, कान गालांवर लोंबणारे.

ड्वार्फ चपळ, पण पटकन बिचकतो. उचलायला गेलं की मागचे पाय जोरात झाडतो, आणि हातातून निसटला तर पाठीचा कणा मोडू शकतो. घरात लहान मूल असेल तर मी लॉपच सुचवेन; तो साधारणपणे शांत असतो.

मात्र लॉपच्या कानांची मला खरंच काळजी वाटते. लोंबत्या कानाची नळी मुळाशीच दुमडलेली असते. आत मळ साचतो, पू होतो आणि ससा दुखणं लपवतो. आठवड्यातून एकदा कान हलकेच उचलून आत बघा, वास घ्या. कापसाची काडी आत घालू नका, मळ आणखी खोल जातो.

चेहरा आखूड असल्याने दातांची तक्रार दोघांनाही. दात जन्मभर वाढतात, म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. गाजर क्वचितच, एखादा तुकडा. पारा तिशीपुढे गेला की दोघांनाही सावलीत, वाऱ्याच्या जागी हलवा.