जुनं सेइको घड्याळ घेताना मी फसलो, सोलापुरातल्या लोकांनी तरी हे वाचा

माझा मामा दुबईला होता, तिकडून येताना त्याने सेइको फाईव्ह आणलं होतं, निळ्या डायलचं ऑटोमॅटिक. शेवटपर्यंत त्याच्या हातात तेच होतं. मामा गेल्यावर ते आमच्याकडं आलं आणि अक्कलकोटच्या एसटीत माझ्याच हातून हरवलं. आई कधी एका शब्दाने बोलली नाही पण मला ते आतून खात होतं, त्यामुळं तसंच दुसरं मिळतंय का ते मी दोन वर्षं मोबाईलवर बघत होतो.

गेल्या महिन्यात एक जाहिरात दिसली. निळी डायल, स्टीलचा पट्टा, "मामांचं घड्याळ, १९७२ चं, सगळं ओरिजिनल, कधी उघडलेलं नाही". मामांचं हा शब्द वाचला आणि माझं डोकं तिथंच बंद झालं बघा. सात रस्त्याला चहाच्या टपरीवर भेटलो, पोरगा तिशीचा, बोलायला एकदम गोड, "घ्या की दादा, असला पीस परत मिळत नसतो". सहा हजार म्हणत होता, साडेचारला दिलं, पैसे लगेच फोनवरून पाठवले. जाताना म्हणाला रोज सकाळी थोडी चावी देत जा, म्हणजे चांगलं चालतं.

घरी येऊन आईच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून बघितलं, चष्मा लावून परत बघितलं आणि म्हणली, "आण्णाच्या घड्याळात वार उर्दूत यायचा रे." आण्णा म्हणजे मामा, आणि ती अरबीला उर्दू म्हणते. गल्फमध्ये विकलेल्या सेइकोत वाराची चकती इंग्रजी आणि अरबी अशी दोन्ही असायची, आणि मामा अरबीवर ठेवायचा. मी बटण फिरवून फिरवून बघितलं तर इंग्रजी आणि स्पॅनिश. म्हणलं असू दे, दुसऱ्या देशातलं असेल. पण मग लक्षात आलं की तारखेची चकती पांढरीफेक आणि वाराची पिवळसर, आणि तारीख खिडकीत मधोमध न येता खाली सरकलेली. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत घड्याळ दुरुस्तीवाले चाचा आहेत, जिन्याखाली टेबल टाकून बसतात, त्यांच्याकडं गेलो. चावी द्यायला सांगितलंय म्हणल्यावर चाचा नुसतं बघत बसले माझ्याकडं. मग डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण फिरवलं आणि मला जवळ बोलावून एक एक दाखवलं.

सेइकोच्या झाकणावर मॉडेल नंबर असतो, डॅशच्या आधीचे चार आकडे म्हणजे आत कुठलं मशीन आहे ते. माझ्या झाकणावर ६३०९. आत गोल फिरणारं वजन असतं, रोटर, त्यावर लिहिलेलं ७००९ आणि १७ ज्वेल (ज्वेल म्हणजे मशीन झिजू नये म्हणून आत बसवलेले बारीक खडे). डायलवर मात्र मोठ्या अक्षरात २१ ज्वेल, आणि डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक नंबर असतो तो भिंगातून ६११९ दिसला, म्हणजे त्याच्याही आधीचं मशीन. तीन ठिकाणी तीन नंबर! डॅशनंतरचे आकडे डायलवर आणि झाकणावर थोडे वेगळे असू शकतात, त्याला घाबरायचं नाही, पण पहिले चार तिन्हीकडं एकच पाहिजेत.

आणि चावीचं म्हणाल तर ७००९ ला बटणाने चावी देताच येत नाही, ६३०९ लाही नाही, हातावर हलूनच ते भरतं. मी रोज सकाळी नुसतंच बटण फिरवत बसलो असतो.

झाकणावर सहा अंकी सिरियल नंबर पण असतो. त्यातला पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना (ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी). माझा ८ ने सुरू, म्हणजे ७८ किंवा ८८, ७२ तर कुठूनच नाही.

डायल रंगवलेली होती. भिंगातून अक्षरं जाड, एकमेकांत मिसळलेली, रेडियमचे ठिपके एक मोठा एक लहान, आणि अंधारात काटे एका रंगाने चमकायचे, डायल दुसऱ्याच. चारच्या जागी जे बटण असतं ते केसमध्ये आत बसायला पाहिजे, माझं बाहेर आलेलं. केसच्या कडा पॉलिश मारून मारून साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या.

चाचा एक गोष्ट बोलले ती मला पटली. जुन्या घड्याळात एखादा पार्ट बदललेला असतोच, काच बदलते, बटण बदलतं, त्यात फसवणूक नाही, चाळीस वर्षं वापरलेली वस्तू आहे ती. पण तीन मेलेल्या घड्याळांचं एक करून "कधी उघडलेलं नाही" म्हणून विकणं ही चोरीच आहे. मला त्याच वाक्याचा सगळ्यात जास्त राग आहे. झाकणाच्या खाचांवर पान्याचे ताजे ओरखडे होते, तेवढं जरी टपरीवर बघितलं असतं तर तिथंच उठलो असतो.

त्या पोराला फोन केला, एकदा उचलला, "दादा चालतंय ना मग काय पाहिजे" म्हणाला, नंतर नंबर बंद. चॅट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि चाचांनी उघडल्यावरचे फोटो घेऊन १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करून ऑनलाइन तक्रार दिलीय, बघू.

परवा तीच जाहिरात परत दिसली. दुसरं नाव, किंमत ५,२००, डायल तशीच निळी, आणि आता "मामांचं" ऐवजी "वडिलांचं" लिहिलंय. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडं कुणी बघत असाल तर आधी झाकण उघडून रोटरचा फोटो मागा आणि डायलच्या खालच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो मागा. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला, तर त्याने मला लगेच ब्लॉक केलं.