जिन्याखालचे टेबल : डेटा केबल दुरुस्त करून आणि बांधून घेण्याचा अनुभव

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने इतकी दाटीने उभी आहेत की एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मांडलेले टेबल सहसा नजरेस पडत नाही. मी ज्या सेवेविषयी लिहीत आहे, ती अशाच एका टेबलावर मिळते. टेबलाला पाटी नाही, आणि आपले नाव कुठे छापून येऊ नये असे तेथील कारागिरांनी मला स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे या लेखात त्यांचा उल्लेख नुसता ‘काका’ असाच येईल. त्यांचा मूळ व्यवसाय माइक आणि अँप्लिफायरच्या वायरी जोडून देण्याचा. गेली काही वर्षे निम्मे काम मोबाइलच्या केबलींचे असते.

बाजारात यूएसबीच्या प्रत्येक वायरीला ‘डेटा केबल’ म्हणतात, मग तिच्यातून जन्मात एकदाही डेटा गेलेला नसला तरी चालते. जुन्या मायक्रो यूएसबीला ‘व्ही-एट’ म्हणायचे आणि नव्या पिनेला ‘सी टाइप’. ही सी टाइप पिन २०१४ मध्ये जाहीर झाली, आयफोनने ती सप्टेंबर २०२३ मध्ये स्वीकारली, आपल्या भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षाच्या जानेवारीत तिच्यासाठी मानक प्रसिद्ध केले, आणि युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना ती सक्तीची झाली. पिन एक झाल्यामुळे केबलीही सगळ्या सारख्याच, असा समज मात्र झपाट्याने पसरला आणि त्याचा भुर्दंड मीही भरला.

मी ऑनलाइन मागवलेली केबल दोन मीटर लांब होती. वरून नायलॉनची घट्ट वीण, टोकांना धातूची टोपणे, वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘फास्ट चार्जिंग’. फोनसोबत आलेल्या एक मीटरच्या केबलीवर जो फोन सव्वादोन तासांत भरत असे, तो या देखण्या केबलीवर चार तास घेऊ लागला. चार्जर तोच, फोन तोच. विक्रेत्याने केबल बदलून दिली. बदलून आलेलीही तशीच निघाली. मग ही केबल आणि पिनेपाशी तुटलेली जुनी केबल, अशा दोन्ही घेऊन मी काकांकडे गेलो.

त्यांनी केबल हातात घेऊन वाकवून पाहिली नाही की तिच्या विणीकडे लक्ष दिले नाही. एका टोकाला चार्जर लावला, मध्ये लहान पडद्याचा यूएसबी मीटर, आणि दुसऱ्या टोकाला काड्यापेटीएवढा, वर पंखा बसवलेला एक लोड. त्याचे बटण फिरवले की हवा तेवढा करंट ओढता येतो. त्यांनी तो एक अँपियरवर आणून ठेवला. चार्जरच्या टोकाला मीटर ५.१ व्होल्ट दाखवत होता. तोच मीटर लोडच्या टोकाला नेल्यावर आकडा ४.२ वर आला. “नऊ पॉइंट वायरीनंच खाल्ले, साहेब,” एवढेच ते बोलले. एका अँपियरला ०.९ व्होल्ट, म्हणजे केबलीचा एकूण रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.९ ओहम. फोनने दोन अँपियर ओढायचे ठरवले तर ही तूट दुप्पट होईल आणि त्याच्यापर्यंत जेमतेम ३.३ व्होल्ट पोहोचतील. फोन तसे होऊ देत नाही. व्होल्टेज पडताना दिसले की तो करंट आखडता घेतो. माझे चार तास तिथे जात होते.

माझी परवानगी घेऊन त्यांनी ती केबल मधोमध कापली. वीण आणि रबराचा जाड थर सोलल्यावर आत ज्या चार वायरी निघाल्या, त्या चारही सारख्याच बारीक होत्या, २८ गेजच्या. गेजचा हिशेब उलटा चालतो, हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो : आकडा मोठा तेवढी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे ०.३२ मिलिमीटर असतो, २२ गेजचा त्याच्या दुप्पट, आणि व्यास दुप्पट म्हणजे तांबे चौपट. एक मीटरला २८ गेजचा रोध साधारण ०.२१ ओहम, २४ गेजचा ०.०८४ आणि २२ गेजचा ०.०५३. करंट लाल तारेने जातो आणि काळ्या तारेने परत येतो, त्यामुळे दोन मीटरच्या केबलीत तारेची लांबी चार मीटर धरावी लागते. चार गुणिले ०.२१ करून पाहा. मीटरने जे सांगितले तेच उत्तर जवळपास येते, उरलेला थोडा फरक पिनांच्या स्पर्शाचा. हिरव्या आणि पांढऱ्या तारा डेटाच्या, त्या २८ गेजच्या असल्या तरी चालतात. लाल-काळ्या जोडीवर काटकसर झाली की केबल लांबीने जितकी वाढते तितकी निकामी होत जाते, आणि नेमकी ही जोडी गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. केबल घेताना वेष्टनावर गेजचा आकडा छापलेला आहे का, ते आधी शोधावे. ‘२८/२४’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा डेटाच्या तारांचा आणि दुसरा पॉवरच्या तारांचा असतो. आकडाच नसेल तर निदान लांबी कमी घ्यावी.

त्यांच्या भंगाराच्या डब्यातील आणखी एक नमुना त्यांनी मला दाखवला, तो याहून वाईट होता. तारेचे टोक वरून लालसर, पण ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढरे निघाले : ॲल्युमिनियमवर चढवलेला तांब्याचा मुलामा. कल्हई केलेली चांगली तार याच्या उलट, वरून पांढरी आणि खरवडल्यावर लाल निघते. त्या मुलाम्याच्या तारेच्या कापलेल्या तोंडावर काकांनी सोल्डर, म्हणजे जोडकामाचे वितळलेले कथील, धरून पाहिले. ते अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळून गेले.

जुन्या केबलीची दुरुस्ती हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. केबल तुटते ती बहुतेक वेळा पिनेच्या मानेपाशी, कारण फोन वापरताना वाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो. मधली वायर शाबूत असते. काकांनी मानेपासून तीन-चार सेंटिमीटर वर केबल कापली, चारही तारा सोलून त्यांची टोके कथलाने भिजवून घेतली आणि नवी सी टाइप पिन पुढे ठेवली. ही सुटी पिन बाजारात लहानशा पट्टीवर बसवलेली मिळते. पट्टीवर लाल, काळी, हिरवी, पांढरी यांच्यासाठी चार जागा असतात आणि बाजूला तांदळाच्या कणीहून लहान असा एक रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा सुटा भाग. त्यांनी मला डोळ्याला लावायचे भिंग दिले आणि त्या कणीवरचा आकडा वाचायला सांगितले. आकडा होता ५६३, म्हणजे ५६ वर तीन शून्ये, छप्पन हजार ओहम.

हा एक रेझिस्टर एवढा महत्त्वाचा का, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या चौकोनी पिनेपासून सी टाइपपर्यंत येणाऱ्या केबलीत फोन समोरच्या चार्जरची ताकद ओळखायला पिनेकडे पाहतो. तो सीसी नावाच्या टोकावरचा हा रेझिस्टर वाचतो. ५६ हजार ओहम असतील तर फोन समजतो की समोर साधा यूएसबी आहे, जपून घ्यावे. तेथे १० हजारांचा रेझिस्टर बसवला, तर फोनला वाटते की तीन अँपियर खुशाल ओढावेत, आणि समोर जुन्या लॅपटॉपचा अर्ध्या अँपियरचा पोर्ट असला तर त्याची धडगत नसते. गूगलमधील अभियंते बेन्सन लिउंग यांनी २०१५ पासून अ‍ॅमेझॉनवरील अशा सदोष केबलींचा पाठपुरावा करून एकेकीचे परीक्षण लिहिले होते. २०१६ मध्ये पॉवरच्या तारा आतून उलट जोडलेल्या एका केबलीने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला. काकांनी हे नाव कधी ऐकलेले नाही. तरीही प्रत्येक नव्या पिनेचा रेझिस्टर ते मीटरने तपासतात, कारण एकाच पाकिटात दोन तऱ्हेचा माल निघाल्याचे त्यांनी पाहिले आहे. तारांच्या रंगावरही त्यांचा विश्वास नसतो. मीटर बीपवर ठेवून या टोकाची कोणती तार त्या टोकाच्या कोणत्या पिनेला जाते, हे पाहिल्याशिवाय ते सोल्डरिंग आयर्न हातात घेत नाहीत. या दुरुस्तीचे त्यांनी साठ रुपये घेतले आणि काम वीस मिनिटांत झाले.

तिसरी केबल मी त्यांच्याकडून नव्याने बांधून घेतली : पलंगाशेजारच्या सॉकेटपासून उशीपर्यंत पोहोचेल अशी दीड मीटरची. पॉवरसाठी त्यांनी २२ गेजची सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घेतली, डेटाच्या दोन बारीक तारा एकमेकींभोवती पिळून मध्ये घातल्या, आणि सगळ्यावरून वीण चढवली. मी याहून जाड वायर मागितली होती. त्यांनी २० गेजची तार पट्टीवर धरून दाखवली. ती शेजारच्या जागेवर चढत होती, आणि तिथे शॉर्ट होण्याची भीती होती. जोड झाल्यावर त्यावर गरम गोंद, मग आकसणाऱ्या नळीचे दोन थर, आतला आखूड आणि बाहेरचा लांब, म्हणजे मान एकदम न वाकता हळूहळू वाकते. लोडवर लावल्यावर एका अँपियरला तूट ०.२ व्होल्ट भरली. माझ्या विकतच्या केबलीच्या तुलनेत ही चौथ्या हिश्श्याहूनही कमी. नंतर त्यांनी माझ्याच फोनमधून त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ उतरवून डेटाच्या तारांची परीक्षा घेतली आणि तो लगेच पुसूनही टाकला. मजुरी आणि सामान मिळून १८० रुपये झाले.

त्याच दिवशी मी सोबत नेलेल्या लॅपटॉपच्या सी टाइप केबलीला मात्र त्यांनी हात लावण्यास नकार दिला, आणि तो नकार मला त्यांच्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. तीन अँपियरपर्यंतच्या, म्हणजे वीस व्होल्टला ६० वॉटपर्यंतच्या केबली साध्या असतात. त्यापुढे पाच अँपियर न्यायचे असतील तर केबलीच्या पिनेत एक चिप असावी लागते. ती चार्जरला स्वतःची क्षमता सांगते, आणि तिचे उत्तर आले नाही तर चार्जर तीन अँपियरच्या पुढे जात नाही. यूएसबीच्या २०२१ च्या नियमांनी अशा चिपवाल्या केबलींची मर्यादा २४० वॉटपर्यंत नेली आहे. अशी पिन कापली की चिपही जाते. मॉनिटरला चित्र नेणाऱ्या वेगवान केबली आणि काही मोबाइल कंपन्यांच्या खास चार्जिंगच्या, जादा पिन असलेल्या केबली यांचेही तेच. “ही नवीनच घ्या, मी जोडून दिली तर तुम्ही मला शिव्या द्याल,” असे म्हणून त्यांनी ती परत केली.

फोनचा पोर्ट सैल झाल्याची तक्रार घेऊन माझ्यापुढे एक तरुण उभा होता. बाहेरच्या एका दुकानात त्याला चार्जिंग बोर्ड बदलण्याचा खर्च सांगण्यात आला होता. काकांनी लाकडी दात-कोरणीने पोर्टमधून खिशातल्या कापसाचा दाबून बसलेला गोळा बाहेर काढला, आणि पिन टक् आवाज करून बसली. पैसे घेतले नाहीत. सी टाइपचा पोर्ट मानकाप्रमाणे दहा हजार वेळा पिन घालण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, दिवसातून तीन वेळा धरले तरी नऊ वर्षे होतात. शिवाय झिजणारे स्प्रिंगचे भाग मुद्दाम केबलीच्या बाजूला ठेवलेले आहेत. त्यामुळे पोर्ट सैल वाटला तर आधी कचरा आणि मग केबल तपासावी. सुई किंवा टाचणी पोर्टमध्ये घालू नये, आतली जीभ नाजूक असते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. येथे पावती मिळत नाही आणि हमी केवळ शब्दाची. हाताने लावलेल्या पिनेचे प्लास्टिकचे टोपण कारखान्यातल्या पिनेपेक्षा जाड असते, आणि माझ्या पत्नीच्या फोनच्या जाड कव्हरमधून ती पिन पूर्ण आत जात नाही. कव्हरची कड थोडी कापावी लागली. आकसलेल्या नळीची टोके हाताला बोचतात. चार महिन्यांत दुरुस्त केलेल्या केबलीची बाहेरची नळी एक-दोन मिलिमीटर मागे सरकली आहे, जोड मात्र टिकून आहे. डेटाच्या तारांवर कारखान्यातल्यासारखा फॉइलचा पडदा नसतो, त्यामुळे फोटो उतरवण्यापलीकडच्या कामासाठी ही केबल घेऊ नये. गर्दीच्या वेळी तासभर उभे राहावे लागते, कारण टेबलासमोर बसायला जागा म्हणजे जिन्याची खालची पायरी, आणि तिच्यावरून वरचे भाडेकरू सतत ये-जा करत असतात.

मंडई मेट्रो स्थानकावरून तपकीर गल्लीपर्यंत पायी जाता येते. जाताना केबलीसोबत आपला चार्जर आणि फोन दोन्ही न्यावेत. माझ्या दुसऱ्या खेपेला मी नुसती केबल नेली होती, तेव्हा काकांनी ती खोक्यात टाकली आणि चार्जर घेऊन उद्या या म्हणून सांगितले.